वाढवून टाक

१

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात गुरुदत्तचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने मागे सरायचं, एवढा गाळा. वर पत्रा, पत्र्याखाली लाकडी पोटमाळा आणि पोटमाळ्याला टेकवलेली लोखंडी शिडी. मागच्या गल्लीत जीन्स शिवायचे कारखाने होते, त्यांच्या मशिनींची घरघर दिवसभर भिंतीतून यायची. शुक्रवारी लाइट जाऊन सगळं बंद पडलं, की गुरूला आपल्यालाच ऐकू येईनासं झालंय असं वाटायचं.

पोटमाळा सुदामचा होता. होता म्हणजे, दोन वर्षांमागे सुदाम काविळीने गेला तोवर. दोघे बदलापूरला कुळगावातल्या एकाच शाळेत शिकले, एकाच क्लासला हार्डवेअर शिकले आणि दोघांनी मिळून हा गाळा घेतला. खाली बसून गिऱ्हाईक गुरूने सांभाळायचं, वर बसून बोर्ड सुदामने दुरुस्त करायचे, अशी वाटणी. संध्याकाळी वरून हाक यायची, "गुऱ्या, वाढवू या का?" मग गुरू शटर ओढायचा. दुकान बंद करू या, असं दोघांपैकी कुणी कधी म्हटलं नाही. ज्यावर पोट चालतं ते बंद कसं करायचं? ते वाढवायचं असतं. सुदाम गेल्यावर ही हाक मारायला कुणी उरलं नाही. आता अंबरनाथहून बायको नूतन फोन करून विचारायची, दुकान वाढवलंस का, तेवढंच.

सवड मिळेल तेव्हा गुरू कुळगावला सुदामच्या आईकडे जाऊन बसायचा. गोदूमावशी एकटीच राहायची. सुदाम तिला बय म्हणायचा. कॉलेजातली पोरं हसतात म्हणून त्याने काही दिवस आई म्हणून पाहिलं, तर मावशीने ओच दिली नाही. कुणाची आई, मी नाय ती, म्हणाली. शेवटी पठ्ठ्या चारचौघांत बय म्हणायला लागला.

या खेपेला मावशी पार उतरली होती. डोळे खोल गेले होते. सुदामने वरच्या खोलीत प्राण सोडला, त्यानंतर त्याचा कॉम्प्युटर तिने खाली जिन्याच्या शेजारी आणून ठेवला होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "गुऱ्या, त्याचा त्यो कंपूटर हाय ना, तेवडा वाढवून टाक रं. माज्यानं आता नाय व्हत."

काय होतंय, असं गुरूने विचारलं.

"आर्ध्यात आडतोय. पन असा किती दिस आडंल?"

जुनं मशीन, चालू होता होता अडणारच. रॅम वाढवावी लागेल, डिस्क बदलावी लागेल, हे गुरूला तिथेच कळलं. मावशीला पोराचे फोटो बघायचे असणार. पुढच्या आठवड्यात करतो, तू काळजी करू नको, असं तो म्हणाला तेव्हा मावशीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गुरूलाही भरून आलं.

२

ॲक्टिव्हावर पायाशी ठेवून मशीन दुकानात आलं. कॅबिनेट उघडताना गुरूला हसू आलं. हे मशीन दोघांनी मिळून जोडलं होतं आणि जोडताना याच पत्र्याने सुदामच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलं होतं. ते पुढे कधी नीट जुळलंच नाही. हा माझा दुकानाचा शिक्का, असं म्हणून तो अंगठा सगळ्यांना दाखवायचा.

आधी आहे तसंच चालू करून बघितलं. लोगो आला आणि तिथेच गोठला. त्याच वेळी वर पोटमाळ्यावर काहीतरी सरकलं आणि तेही थांबलं. घूस असेल, गुरूने मनाशी म्हटलं.

मग त्याने जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवली, रॅमच्या नव्या पट्ट्या बसवल्या आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. लांब लांब शिट्ट्या सुरू झाल्या. मशीनला तोंड नसतं, म्हणून ते दुखणं शिट्टीतून सांगतं. एकच छोटी शिट्टी म्हणजे सगळं बरं आहे, मी उठलो. अशा लांब शिट्ट्या म्हणजे रॅम नीट बसली नाही. सुदामची युक्ती यावर एकच होती, शाळकरी खोडरबर. गुरूने पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात रबराने घासले, फुंकर मारली आणि खट् आवाज होईपर्यंत दाबून बसवल्या.

एक छोटी शिट्टी झाली. लगेच वर फळी करकरली. फार वेळ मांडी घालून बसलेला माणूस तळहात टेकून उठतो, तशी ती करकरली. सुदाम असाच उठायचा.

गुरू शिडी चढून वर गेला. वर मेलेले मॉनिटर होते, खोकी होती, वायरींचा गुंता होता आणि सगळ्यांवर धूळ. लेंड्या दिसतात का पाहिलं, नव्हत्या. धुळीत काही उमटलंय का, हे मात्र त्याने पाहिलं नाही. ते पाहायचं राहिलं, असं तो नंतर स्वतःला सांगत असे.

३

दुसऱ्या दिवशी मशीन पुढे सरकलं आणि नव्या जागी अडलं. तारीख आणि वेळ ठरलेली नाही, असा संदेश आला. बोर्डावरचा छोटा गोल सेल संपला होता. मशीन बंद असतानाही काळाचं भान तेवढं त्या सेलवर टिकतं. गुरूने सेल बदलला, आजची तारीख घातली, वेळ घातली आणि पुन्हा चालू केलं.

"गुरुदत्त."

कुणी गिऱ्हाईक असेल म्हणून त्याने शटरकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. शेजारच्या स्पेअर पार्टवाल्या सिंधी सेठने मात्र आपल्या गाळ्यातून मान बाहेर काढली होती. त्याला सगळे साईं म्हणायचे आणि तोही सगळ्यांना साईंच म्हणायचा.

"साईं, ऊपर नया आदमी बिठाया क्या?"

गुरूने नाही म्हटलं.

"अरे, अभी आवाज दिया ना तेरेको. पूरा नाम लेके."

म्हणजे आपल्या एकट्याच्या कानांचा खेळ नव्हता. गुरू स्टुलावर बसला. आवाज वरूनच आला होता आणि तो सुदामचा होता, याबद्दल त्याला शंका नव्हती. पण सुदामने त्याला जन्मात गुरुदत्त म्हटलं नव्हतं. ते नाव दुकानाच्या पाटीवर होतं आणि आधार कार्डावर होतं. कुळगावात तो गुऱ्या होता, मावशीचाही आणि सुदामचाही.

जुन्या डिस्कवर कधीतरी दोघांनी गंमत म्हणून रेकॉर्ड केलेलं काही असेल, ते आपोआप वाजलं असेल, असं त्याने ठरवलं. मग त्याला आठवलं की मशीनला बाहेरचा स्पीकर अजून जोडलेलाच नाही. शहाण्याने इथे मशीन उचलून भंगारात दिलं असतं. गुरूला मात्र भीतीच्या आधी रडू आलं. दोन वर्षं तो रोज संध्याकाळी शटरपाशी क्षणभर थांबत होता, वरून हाक येईल म्हणून. ती कशीही का होईना, आली होती. त्याने डोळे पुसले आणि पुढची चूक शोधायला घेतली.

४

पुढची चूक अशी होती की मशीनला सुरू व्हायला डिस्कच सापडत नव्हती. समोर डिस्क असून सापडेना, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. आतल्या सेटिंगमध्ये मशीन अजून जुनी डिस्क शोधत होतं. गुरू एकेक पर्याय बदलत गेला. एक पर्याय बदलला, मशीन जरा पुढे गेलं, आणि पोटमाळ्यावरून शिडीच्या सगळ्यात वरच्या दांडीवर वजन पडलं. दुसरा बदलला, त्याखालची दांडी वाजली.

आता त्याच्या लक्षात आलं होतं. लक्षात आलं नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती. मशीन जिथे अडतं तिथे तेही अडतं, आणि तो एकेक अडचण दूर करून त्याला वाट मोकळी करून देत होता. तरी मन मोठं वकील असतं. मन म्हणालं, मागच्या कारखान्यातल्या मशिनींनी भिंत हादरते, भिंतीने शिडी हादरते. त्यात काय एवढं? हे पटवून घेऊन त्याने त्या दिवशी दुकान वाढवलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मार्केटची लाइट गेली होती, शटरं खाली होती. मशीन आज कुळगावला पोचवायचं म्हणून गुरू मुद्दाम आला आणि इन्व्हर्टरवर त्याने शेवटचा बदल केला. एक छोटी शिट्टी झाली आणि मशीन श्वास घ्यायच्या आत उघडलं. सुदामने लावलेला आंब्याच्या झाडाचा फोटो पडद्यावर आला. इतक्या वर्षांत ते असं सुरू झालेलं त्याने पाहिलं नव्हतं.

त्याच्या पाठीमागे शिडी वाजत गेली, वरपासून खालपर्यंत, भराभर. मग तो आवाज गाळ्याच्या फरशीवर येऊन थांबला.

गुरूने वळून पाहिलं. कुणी नव्हतं. शिडीची शेवटची दांडी थरथरत होती. मशिनींनी, मशिनींनी हादरते, असं तो पुटपुटला. मग त्याला आठवलं की आज शुक्रवार आहे आणि मागच्या गल्लीत सुईसुद्धा चालत नाहीये. त्याने वायर उपटली, मशीन गाडीवर घातलं आणि मागे न बघता कुळगावचा रस्ता धरला. हे लवकर मावशीच्या पदरात टाकावं, तिला पोराचे फोटो दिसले की आपलंही मन ताळ्यावर येईल, असं तो वाटभर स्वतःला बजावत होता.

५

मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मशीन घेऊन येणाऱ्या गुरूला बघून ती उठली.

"वाढवलास?"

"वाढवला, मावशी. पार नवा केला."

तिचा चेहरा आधी सैल पडला आणि मग हळूहळू पुन्हा आवळला गेला. "नवा म्हंजे? मंग परत कशाला आनलास?"

जिन्याशेजारच्या टेबलावर वायरी जोडता जोडता गुरूने तिला रॅम सांगितली, डिस्क सांगितली. आधी अर्ध्यात अडत होतं, ते आता कुठेच अडत नाही, हे जरा अभिमानानेच सांगितलं. मावशी खाली बसली.

"सुदामचा बा गेला तवा माज्या बांगड्या वाढवल्या," ती म्हणाली. "त्या काय मोट्या झाल्या का रं, गुऱ्या?"

गुरूचा हात वायरीवर तसाच राहिला. पोराच्या वस्तूला मोडून टाक, संपवून टाक, असं ती कुठल्या तोंडाने म्हणणार होती? तिने वाढवून टाक म्हटलं होतं, आणि त्याने वाढवलं होतं.

मग तिने त्याला सगळं सांगितलं, थांबत थांबत. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावला की ती हेही बटण दाबायची, सुदामचं म्हणून. एका संध्याकाळी मशीन चालू होताना वर सुदामच्या खोलीत कुणी उठलं आणि जिना उतरायला लागलं. मशीन अडलं, तसं तेही जिन्यात अडलं. तिला आनंद झाला. तेव्हापासून ती रोज बटण दाबून जिन्याकडे तोंड करून बसायची. असे कितीतरी दिवस गेल्यावर त्याने जिन्यातून हाक मारली. आवाज तिच्या पोराचाच होता, पण हाक आई अशी होती. जिन्यात आहे तो आपला सुदाम नाही, हे ती तेव्हाच समजली. पण दिवा लागला की बोट काही तिचं ऐकायचं नाही.

गुरूने तिला पोटमाळ्याचं काहीच सांगितलं नाही. मी आत्ता घेऊन जातो, खदानीत नेऊन टाकतो, एवढं तो म्हणाला आणि वायर काढायला वाकला.

"आता आडत नाय म्हनतोस?" मावशीने विचारलं.

तिच्या आवाजात भीती होती, पण नुसती भीती नव्हती. गुरूने मान वर करेपर्यंत तिने बटण दाबलं होतं.

एक छोटी शिट्टी. वर फळ्या करकरल्या आणि जिना वाजू लागला. आवाज मधल्या वळणावर आला, जिथे तो रोज अडत असे, आणि ते वळण ओलांडून पुढे आला.

"आई."

मावशीने मोठा श्वास सोडला. "बगितलंस? नाय माजा," ती म्हणाली. ती जवळजवळ हसली होती.

मशीनचा पंखा जोरात फिरला आणि पुन्हा मंद झाला. आठवत नसलेलं काही आठवून बघावं, इतका वेळ शांतता होती.

"बय."

मावशी उठली. गुरूने वायर खेचून काढली, पडदा काळा झाला. जिना वाजायचा थांबला नाही. त्याने मावशीचा दंड धरला, तिला हाका मारल्या, बाहेर चल म्हणून विनवलं. तिने त्याचे हात अंगावरून काढले, अंगावर बसलेली माशी हाकलावी तितक्या सहज, आणि ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पदर तिने डोक्यावरून नीट घेतला.

कठड्यावर एक हात आला. हात ओळखीचा होता. बोटं सुदामची, मनगटावरचे केस सुदामचे, अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं. पण शेजारच्या बोटाचं नखही मधोमध फाटलेलं होतं, आणि त्याच्या शेजारचंही. पाचही नखं तशीच होती.

गुरू पळाला. ओट्यावरचे तांदूळ पायांनी उधळले, तेवढं त्याला आठवतं.

६

नूतनला त्याने मावशीला बरं नाही एवढंच सांगितलं. शनिवारी सकाळपासून तो मावशीला फोन लावत होता, कुणी उचलेना. पुन्हा जायची छाती नव्हती आणि न जायची लाज वाटत होती. शेवटी त्याने मावशीच्या शेजारणीला, चिमीला, फोन केला. चिमी म्हणाली, मावशी ठणठणीत आहेत. सकाळी दारात सडा घातला, दोरीवर कपडे वाळत घातले, दोन ताटं घासली.

"फक्त जरा येगलं बोलत्यात," ती म्हणाली. "लय शुद्द. मला चिमाबाई म्हनाल्या."

गुरू दुकानात बसून राहिला. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सोमवारी या म्हणाला. घडलेलं तो पुन्हा पुन्हा उलगडून बघत होता. प्रत्येक वेळी त्याला एकच दिसायचं. ते अडलेलं होतं, म्हातारीने हात धरून त्याला संपव म्हटलं होतं, आणि त्याने एकेक चूक शोधून, घासून, पुसून ते तिच्या दारात चालतं करून दिलं होतं. इतकं चोख काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

दुपार उतरता उतरता फोन वाजला. मावशीचा नंबर.

"गुरुदत्त," मावशी म्हणाली. "काल तू चहा न घेताच गेलास. आज ये ना. आम्ही वाट पाहतो आहोत."

एकेक शब्द छापल्यासारखा स्वच्छ. फोन ठेवायचं त्याला कळत होतं, पण हात कानाशीच राहिला. पलीकडे एक छोटी शिट्टी झाली. मग थोडा वेळ काहीच नव्हतं.

"गुऱ्या," मावशी म्हणाली, "चा ठेवलाय रं. कवा येतोस?"

ही मावशीच होती. असा गोडवा दुसऱ्या कुणाच्या आवाजात नव्हता. आणि तिच्या मागून, घराच्या आतून, दुसरा आवाज आला, जरा हसरा, दिवसभर बसून कंटाळलेला.

"गुऱ्या, वाढवू या का?"

गुरूने पोटमाळ्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तिथे आता कधीच कुणी असणार नव्हतं, सगळे कुळगावला होते. तो हमसून हमसून रडला. त्याला सगळं ठाऊक होतं, नखंसुद्धा. तरी तो फोनमध्ये म्हणाला, "येतो."

शटर ओढताना नूतनचा फोन आला. दुकान वाढवलंस का, तिने नेहमीसारखं विचारलं.

"वाढवलं," तो म्हणाला.

अंबरनाथला घराकडे वळायचा कोपरा आला. नूतनने चहाचं आधण ठेवलं असेल, हे त्याला माहीत होतं. गुरूने गाडी वळवली नाही.